मेल आला, पण इनबॉक्समध्ये नाही: फिल्टरचं दुखणं कसं शोधायचं

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, नेर, दिग्रस या पट्ट्यातल्या काही शेतकरी उत्पादक कंपन्यांची संगणकाची कामं मी पाहतो. तिथून सगळ्यांत जास्त वेळा येणारी तक्रार एकच असते: "मेल येऊनच नाही राहिला, भाऊ." पाठवणारा म्हणतो पाठवला, इकडे इनबॉक्समध्ये काही नाही. कोणीतरी सेटिंगमध्ये काहीतरी बदलतं, थोडे दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच सुरू होतं.

अशा वेळी मेल बहुतेक करून आलेला असतो. मेल आपोआप वेगवेगळ्या फोल्डरमध्ये जावेत म्हणून कोणीतरी फिल्टर, म्हणजे नियम, लावलेले असतात आणि त्या फिल्टरनी सांगितलेलं काम केलेलं असतं. ते सांगणारा माणूस मात्र एव्हाना विसरलेला असतो किंवा काम सोडून गेलेला असतो. म्हणून पहिली गोष्ट ही की नियमाला लगेच हात लावू नका. आधी हरवलेला मेल शोधा. तो कुठे पडलाय ते कळलं की दोष कोणत्या नियमात आहे ते आपोआप कळतं. नियम आधी पुसून टाकलात तर खूणच नाहीशी होते, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंदाजानं चाचपडत बसावं लागतं.

हा विषय मी गंभीरपणे घेतो, कारण यात सभासदांचा पैसा अडकतो. जीएसटी नोंदणी रद्द का करू नये अशी नोटीस आली तर उत्तर द्यायला कामाचे ७ दिवस मिळतात. कंपनीचा वार्षिक हिशोबाचा एओसी-४ फॉर्म मुदतीनंतर भरला तर दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागतं. नोटीस पोर्टलवरही असते हे खरं, पण सोयाबीनच्या खरेदीत गुंतलेलं ऑफिस रोज पोर्टल उघडत नाही. मेलवरच सगळी भिस्त असते.

आधी मेल शोधा

हे काम संगणकावर करा. जीमेलच्या मोबाइल अॅपमध्ये फिल्टर बनवताही येत नाहीत आणि बदलताही येत नाहीत. शिवाय गावात टॉवरची एकच कांडी दिसत असेल तर अॅप फोनमध्ये आधीच उतरलेले मेलच शोधतं आणि "सापडलं नाही" म्हणतं. संगणक सेवा केंद्रातला असेल तर काम झाल्यावर खात्यातून साइन आउट करून निघा. ओटीपी कोणालाही सांगू नका, केंद्रचालक कितीही ओळखीचा असला तरी.

जीमेलचा साधा सर्च स्पॅम आणि ट्रॅश या दोन जागा सोडून बाकी ठिकाणी पाहतो. बरेच जण इथेच फसतात. सर्चच्या पट्टीत इंग्रजीत 'इन', मग कोलन, मग 'एनीव्हेअर' असं मध्ये जागा न सोडता लिहा, आणि पुढे पाठवणाऱ्याचा पत्ता टाका. आता सगळीकडे शोध होतो.

मेल सापडला की त्याच्यावर कोणतं लेबल, म्हणजे वर्गवारीची चिठ्ठी, आहे ते पहा. स्पॅममध्ये असेल तर उघडल्यावर वर कारणाची पट्टी दिसते. ट्रॅशमध्ये असेल तर वेळ घालवू नका, आधी तो इनबॉक्समध्ये आणा. ट्रॅश आणि स्पॅममधले मेल ३० दिवसांनी कायमचे पुसले जातात. आणि मेल इनबॉक्समध्येही नाही, स्पॅममध्येही नाही, फक्त 'ऑल मेल'मध्ये आहे असं दिसलं, तर कोणीतरी तो अर्काइव्ह केलाय, म्हणजे न पुसता इनबॉक्समधून बाजूला काढलाय. ते 'कोणीतरी' नव्वद टक्के वेळा फिल्टरच असतं, असा माझा अंदाज मी धरून चालतो आणि तो क्वचितच चुकतो.

मग मेल उघडून पाठवणाऱ्याच्या नावाखालच्या छोट्या बाणावर टिचकी मारा. नाव काहीही दिसो, खरा पत्ता तिथे असतो. तो कॉपी करा. सेटिंग्जमध्ये 'सी ऑल सेटिंग्ज', त्यात 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अॅड्रेसेस' हे पान उघडा. सगळे नियम एका यादीत दिसतात. कंट्रोल आणि एफ दाबून तो पत्ता किंवा त्यातला शब्द शोधा. त्याच पानाच्या तळाशी ब्लॉक केलेल्या पत्त्यांची यादी आहे, तीही पहा. फोनवर घाईत 'ब्लॉक' दाबलं गेलं की त्या पत्त्यावरचा प्रत्येक मेल पुढे स्पॅममध्ये जातो. एका कंपनीचा बारदाना पुरवणारा असाच ब्लॉक होऊन बसला होता.

'स्किप द इनबॉक्स' आणि फोनची घंटी

जीमेलमध्ये खरं तर फोल्डर नसतात, लेबल असतात. एका मेलला तीन लेबलं लावता येतात आणि मेल एकच राहतो. 'इनबॉक्स' हेही एक लेबलच. फिल्टरमध्ये 'स्किप द इनबॉक्स' वर टिक केली की ते लेबल निघतं, मेल दुसऱ्या लेबलखाली उरतो. ऑफिसात संगणकासमोर बसणाऱ्याला ते लेबल डावीकडे ठळक दिसतं. पण आपल्याकडे मेल पाहतात ते फोनवर. अॅप सुरुवातीला इनबॉक्समधल्या मेलचीच सूचना देतं. मेल येतो, लेबलात जाऊन बसतो आणि फोन गप्प राहतो.

यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे फोनवर त्या लेबलची सूचना चालू करणं. अँड्रॉइडवर जीमेल अॅपच्या सेटिंग्जमध्ये आपलं खातं निवडा, 'मॅनेज लेबल्स'मध्ये जा, लेबलवर बोट ठेवा. आधी 'सिंक मेसेजेस'मध्ये ३० दिवस निवडा, मगच 'लेबल नोटिफिकेशन्स'ची टिक लागते. सिंक न करता ती टिक मिळतच नाही, आणि पुष्कळ जण तिथूनच परत फिरतात.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो: महत्त्वाचा मेल इनबॉक्समधून काढायचाच नाही. लेबल लावा, तारा लावा, पण 'स्किप द इनबॉक्स' मोकळं सोडा. इनबॉक्समधून बाहेर पाठवायचं ते जाहिराती, रिचार्जच्या ऑफर, समाजमाध्यमांच्या सूचना. नोटीस, बँक, सीए, जिल्हा कार्यालय, स्मार्ट किंवा पोकरा या सरकारी शेती प्रकल्पांच्या कामाचे मेल इनबॉक्समध्येच दिसले पाहिजेत. 'मार्क अॅज रीड' तर यांना कधीच लावू नका. न वाचलेला मेल वाचलेला दिसतो, आणि दुसऱ्या संचालकाला वाटतं सीईओंनी पाहिला असेल.

एका मेलला दोन फिल्टर लागू पडले तर जीमेल दोन्ही लावतं. वरचा आधी, खालचा नंतर असा प्रकार तिथे नाही. एकानं 'महत्त्वाचं' लेबल लावलं आणि दुसऱ्यानं अर्काइव्ह केलं तर मेल लेबलसकट इनबॉक्समधून जातो. नवा फिल्टर लावूनही दुखणं परत येतं ते बहुधा यामुळेच. जुना फिल्टर तसाच जिवंत असतो आणि नवा त्याच्या शेजारी बसतो. म्हणून नवीन बनवण्याआधी जुना शोधून 'एडिट' करा.

शब्दांवर लावलेला फिल्टर मराठीत टिकत नाही

हा भाग नीट वाचा. आपल्याकडचे निम्मे बिघाड इथून येतात आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात याबद्दल काही सापडत नाही.

समजा तुम्ही 'हॅज द वर्ड्स' मध्ये 'विमा' टाकलंत आणि पीक विम्याचे सगळे मेल एका लेबलखाली येतील अशी आशा धरलीत. जीमेल शब्दाचा तुकडा शोधत नाही. मेलमध्ये 'विम्याची रक्कम', 'विम्यासाठी अर्ज' असं लिहिलं असेल तर तिथे 'विमा' हा शब्दच नाही. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचं रूप बदलतं: शेतकरी, शेतकऱ्यांना, शेतकऱ्यांचे. त्यात कोणी 'पीक विमा' लिहितं, कोणी 'पिक विमा', कोणी 'पीकविमा' जोडून. 'शेतकऱ्यांना' मधला आडवा र काही की-बोर्ड एका पद्धतीनं टाइप करतात, काही दुसऱ्या. डोळ्यांना सारखं दिसतं, संगणकाला ती वेगळी अक्षरं असतात. शेवटी तारांकित खूण टाकून काम होईल असं वाटतं, पण जीमेल ती खूण ओळखत नाही. चौकटी कंसही ओळखत नाही.

याहून मोठी अडचण सरकारी पत्रांची. विषयाच्या जागी 'अतितात्काळ' किंवा नुसतं 'पत्र', आत दोन ओळी, आणि खरा मजकूर स्कॅन करून जोडलेल्या पीडीएफमध्ये. ते चित्र आहे, त्यातल्या शब्दांवर नियम उभा करता येत नाही. काही कार्यालयांतून कृतीदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइल येतात. कागदावर छापलं की सुंदर मराठी, पण संगणकाच्या पोटात ती इंग्रजी अक्षरंच. त्यात 'विमा' कितीही शोधा, मिळणार नाही.

उलट बाजूलाही तोटा आहे. 'जीएसटी' या शब्दावर फिल्टर लावला तर नोटिशीबरोबर बियाणे कंपनीचं बिल, इंटरनेटचं बिल, वजनकाट्याच्या दुरुस्तीचं कोटेशन असं सगळं त्याच लेबलात येतं, कारण प्रत्येक बिलावर जीएसटी लिहिलेलं असतं. चार महिन्यांत त्या लेबलात शेकड्यानं मेल साचतात आणि नोटीस त्यात दडते. नियम बरोबर चालतोय, पण माणूस तिकडे पाहायचं सोडून देतो.

म्हणून नियम शब्दावर न लावता पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर लावा. 'फ्रॉम' मध्ये पूर्ण पत्ता टाका, आणि एकाच कार्यालयातून वेगवेगळे टेबल मेल पाठवत असतील तर अॅटच्या पुढचा पूर्ण भाग टाका. अधिकाऱ्याची बदली झाली, नवा माणूस आला, तरी अॅटच्या पुढचा भाग तोच राहतो. दोन-तीन पत्ते एका नियमात घ्यायचे असतील तर त्यांच्या मध्ये इंग्रजी 'ओआर' मोठ्या अक्षरांत लिहा. लहान अक्षरांत लिहिलं तर जीमेल तो साधा शब्द समजतं. नुसतेच दोन शब्द शेजारी लिहिले तर दोन्ही असलेलाच मेल पकडला जातो, हेही लक्षात असू द्या.

नियम पक्का करण्याआधी 'क्रिएट फिल्टर' दाबू नका, आधी 'सर्च' दाबा. जुन्या मेलपैकी कोणते सापडतात ते समोर येतं. हवा तो मेल यादीत नसेल किंवा नको ते दहा दिसत असतील तर नियम चुकलाय. फिल्टर बनवल्यावर जुने मेल जागेवरच राहतात, तो फक्त पुढच्या मेलला लागू होतो. जुनेही लेबलात हवे असतील तर 'ऑल्सो अप्लाय फिल्टर टू मॅचिंग कॉन्व्हर्सेशन्स' वर टिक करा. "फिल्टर लावला पण काहीच झालं नाही" ही तक्रार पुष्कळदा या एका टिकेची असते.

पत्ता बदलला की नियम मुका होतो

पत्त्यावरचा नियमही कायमचा नाही. रिझर्व्ह बँकेनं बँकांना त्यांची संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या नव्या शेवटाकडे नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. बँकेचा मेलही नव्या पत्त्यावरून येऊ लागला तर जुन्या पत्त्यावरचा फिल्टर त्याला ओळखणार नाही. स्टेटमेंट लेबलात येणं अचानक थांबलं असेल तर ताज्या मेलचा पत्ता आणि फिल्टरमधला पत्ता शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पहा. जुना पत्ता काढू नका, नवा 'ओआर' लावून त्यात घाला.

हे करताना एक काळजी फार महत्त्वाची. 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' ही टिक उपयोगाची आहे, कारण लेबल लावणारा फिल्टर असला तरी जीमेलला मेल संशयास्पद वाटला की तो स्पॅममध्ये जाऊ शकतो. पण ही टिक फक्त पूर्ण, खात्रीच्या पत्त्यावर लावा. 'फ्रॉम' मध्ये नुसतं बँकेचं नाव लिहून ही टिक लावलीत, तर तेच नाव धारण करून आलेला फसवा मेल स्पॅमचं दार ओलांडून थेट तुमच्यासमोर येईल. कंपनीच्या खात्यात शेकडो सभासदांचे भागभांडवलाचे पैसे असतात. इथे सैल राहू नका.

एक खातं, चार माणसं

आमच्याकडे कंपनीचं जीमेल खातं एकच असतं. अध्यक्षांच्या फोनवर तेच, सीईओंच्या लॅपटॉपवर तेच, लेखापालाच्या संगणकावर तेच. फिल्टर फोनवर किंवा संगणकावर राहत नाहीत, खात्यात राहतात. म्हणजे लेखापालानं स्वतःच्या सोयीसाठी लावलेला नियम अध्यक्षांच्या फोनवरही लागू होतो. हे सगळ्यांना एकदा बसून सांगितलं पाहिजे. फिल्टर कोण बदलणार ते एकाच माणसाकडे द्या आणि बाकीच्यांनी त्याला सांगून करून घ्यावं. वयानं मोठे संचालक असतील तर "काकाजी, हे बटण दाबू नका" एवढ्यावर न थांबता कारणही सांगावं, मग ते स्वतःच दुसऱ्याला अडवतात.

फिल्टरच्या पानावर काहीच सापडलं नाही तर 'फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप' हे पान उघडा. तालुक्याला बसणाऱ्या हिशोबनिसाच्या संगणकावर कधीकाळी आउटलुक हा मेलचा प्रोग्राम जोडलेला असतो आणि तो पॉप या पद्धतीनं मेल त्या संगणकावर उतरवून घेतो. या पानावर 'मेल उतरवल्यावर जीमेलमधल्या प्रतीचं काय करायचं' असा पर्याय आहे. तिथे 'अर्काइव्ह' किंवा 'डिलीट' निवडलेलं असेल तर तिकडे संगणक चालू झाला की इकडे इनबॉक्स रिकामा होतो. सकाळी मेल होता, दुपारी नाही, हा प्रकार असेल तर इथेच पहा. पर्याय बदलून 'प्रत इनबॉक्समध्ये ठेवा' असा करा. त्याच पानावर मेल कुठल्या अनोळखी पत्त्यावर फॉरवर्ड होतोय का तेही तपासा. काम सोडून गेलेल्या माणसाचा पत्ता तिथे राहिला असेल तर आजच काढा आणि पासवर्डही बदला.

आउटलुकच्या आत लावलेल्या नियमांची रीत वेगळी आहे. तिथे नियम वरून खाली क्रमानं चालतात आणि 'स्टॉप प्रोसेसिंग मोअर रूल्स' वर टिक असेल तर खालचे चालतच नाहीत. शिवाय संगणकावरच्या फोल्डरमध्ये मेल हलवणारा नियम आउटलुक उघडं असतानाच काम करतो. थंडरबर्ड या मेल प्रोग्रामचंही तसंच. लोडशेडिंगमध्ये संगणक बंद म्हणजे वर्गवारीही बंद, आणि लाइट आल्यावर एकदम पन्नास मेल इकडून तिकडे पळतात. माझं मत स्पष्ट आहे: ज्या गावात विजेचा भरवसा नाही तिथे नियम जीमेलच्या खात्यातच ठेवा. ते गूगलच्या सर्व्हरवर चालतात, त्यांना आपल्या लाइटशी देणंघेणं नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी फिल्टरच्या पानावर सगळे नियम निवडून 'एक्स्पोर्ट' दाबा. एक छोटी फाइल उतरते. काही बिघडलं तर तीच 'इम्पोर्ट' करून जुने नियम परत आणता येतात. मग दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावरून चाचणीचा मेल मागवा. स्वतःच्या खात्यावरून स्वतःलाच पाठवलेल्या मेलवर विसंबू नका.

सर्चमध्येही मेल सापडलाच नाही तर

मग, मेल गेल्या ३० दिवसांतला असेल तर, फिल्टरला दोष देऊ नका, तो बहुधा पोचलेलाच नाही. पाठवणाऱ्याला त्याच्याकडे परत आलेला मेल आहे का ते विचारा, आणि इकडे खात्याची जागा पहा. गूगल १५ जीबी फुकट देतं, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. कंपनीचं खातं ज्या फोनवर चालू आहे त्या फोनवर फोटोंचा बॅकअपही चालू असेल, तर नुकसानीच्या पंचनाम्याचे फोटो, शिवारफेरीचे व्हिडिओ, लग्नाचे फोटो सगळे त्याच १५ जीबीत भरत जातात. जागा संपली की नवे मेल घेणं थांबतं आणि ते पाठवणाऱ्याकडे परत जातात.

त्या फोनवर कंपनीच्या खात्याचा फोटो बॅकअप बंद करा आणि कामाचे फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. गूगल फोटोजचं अॅप उघडून फोटो पुसलेत तर ते फोनमधूनही जातात, म्हणून आधी प्रत घेतल्याची खात्री करा. जीमेलमध्ये मोठे मेल शोधायला सर्चच्या पट्टीत इंग्रजीत 'लार्जर', कोलन आणि '१० एम' असं इंग्रजी अंकांत लिहा. दहा एमबीपेक्षा मोठे मेल समोर येतात. नको असलेले पुसा आणि ट्रॅशही रिकामा करा, कारण ट्रॅशमधले मेलही जागा अडवतात. जागा मोकळी झाली की परत गेलेले मेल आपोआप येतीलच असं नाही. ज्यांच्या मेलची वाट होती त्यांना फोन करून पुन्हा पाठवायला सांगा.